‘आमच्या बॅचचं पुढे काय झालं?’ : शिक्षणावरच्या सरकारी उत्तरांची गोष्ट

(पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती आणि माझे ‘म्हणजे, म्हणजे’ काढून टाकलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं.)



आजचा विषय मला एका फोनमुळे सुचला. माझा आतेभाऊ गावाकडे असतो, साताऱ्याच्या बाजूला. बारावीनंतर त्याने तालुक्याच्या गावी तीन महिन्यांचा वायरिंगचा कोर्स केला. सरकारी योजनेतला, फी नाही. शेवटी सर्टिफिकेट मिळालं, फोटो काढला, तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला, आम्ही सगळ्यांनी टाळ्यांचे इमोजी टाकले. नोकरी मात्र लागली नाही. काही महिने तो एका स्पेअर पार्ट्सच्या दुकानात बसला आणि आता स्वतःच घरोघरी वायरिंगची कामं घेतो. परवा सहज बोलता बोलता म्हणाला, “दादा, आमच्या बॅचमध्ये तीस पोरं होती. त्यांचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत असेल का रे?”

मी म्हटलं, बघतो. आपण सॉफ्टवेअरवाले. ‘बघतो’ म्हणजे लॅपटॉप उघडायचा. तर मी संसदेच्या संकेतस्थळावर गेलो. तिथे खासदारांनी विचारलेले प्रश्न आणि मंत्र्यांनी दिलेली उत्तरं शोधता येतात, पीडीएफ डाउनलोड करता येते. मंत्रालय निवडलं, ‘कौशल्य विकास’. एक उत्तर वाचलं, दुसरं वाचलं, आणि रात्रीचे दोन कधी वाजले कळलंच नाही. कारण मला दिसलं की माझ्या भावाने विचारलेला प्रश्न फार जुना आहे. निदान शंभर वर्षं जुना. आणि तो विचारायचा हक्क मिळवायलासुद्धा आपल्या लोकांना बरीच वर्षं लागली.

चला, सुरुवातीपासून सांगतो.

प्रश्न विचारायचा, पण उत्तरावर बोलायचं नाही

१८६१ च्या कायद्याने व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात काही भारतीय बसायला लागले. पण त्यांना प्रश्न विचारता यायचा नाही. कायद्याचा मसुदा पुढे आला की त्यावर बोला आणि घरी जा. कारभार कसा चाललाय, हे सरकारला तोंडावर विचारायची सोय नव्हती. ती आली १८९२ च्या कायद्याने. आणि १६ फेब्रुवारी १८९३ ला पहिला प्रश्न विचारला गेला. विचारणारे होते भिंग्याचे राजे. सरकारी साहेब दौऱ्यावर गेले की गावातल्या दुकानदारांना रसद पुरवावी लागते आणि त्यांचे हाल होतात, त्याबद्दल तो प्रश्न होता. मला हे फार आवडलं. देशातल्या पहिल्या प्रश्नाचा विषय काय, तर साहेबाचा गावातला मुक्काम आणि वाण्याचं नुकसान!

पण या हक्काला एक मोठी गाठ होती. उत्तर आलं की विषय संपला. त्यावर चर्चा नाही, उपप्रश्न नाही. समजा तुम्ही कंपनीत सपोर्टला तक्रार टाकली, समोरच्याने ‘नोंद घेतली आहे’ असं लिहिलं आणि तिकीट बंद केलं. पुन्हा उघडायची सोयच नाही. अगदी तसं.

आता गंमत बघा. त्याच १८९३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी अमरेली तालुक्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करून बघायला सुरुवात केली. १९०६ मध्ये तेच सगळ्या बडोदा संस्थानाला लागू केलं. म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानात प्रश्न विचारायला नुकती परवानगी मिळत होती आणि एका संस्थानात राजाने हुकूम काढून पोरं शाळेत बसवलीसुद्धा. आणि त्याच्याही आधी, १८८२ मध्ये, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन देऊन प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं मागितलं होतं. ते कुठल्याही कायदेमंडळाचे सभासद नव्हते. बाहेर उभं राहून मागत होते.

गोखल्यांनी काय मागितलं आणि काय मिळालं

आता आपल्या गोष्टीतला मुख्य माणूस येतो. गोपाळ कृष्ण गोखले. जन्म १८६६, कोकणातल्या कोतळूकचा. पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिकवलेलं. शाळेच्या पुस्तकात आपण ‘मवाळ’ हा शब्द पाठ केला आणि पुढे गेलो. पण या मवाळ माणसाने सरकारचा पिच्छा कसा पुरवला ते बघण्यासारखं आहे.

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी दोन गोष्टी बदलल्या. एक, ज्याने मूळ प्रश्न विचारला त्याला उपप्रश्न विचारता येऊ लागला. दोन, सभासदांना ठराव मांडता येऊ लागले. गोखल्यांनी वेळ घालवला नाही. मार्च १९१० मध्ये त्यांनी ठराव आणला: देशभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करण्याची सुरुवात करा आणि त्यासाठी सरकारी व बिनसरकारी लोकांचा एक आयोग नेमा. सरकार म्हणालं, विचार करू. त्या आश्वासनावर गोखल्यांनी ठराव मागे घेतला.

मग मिळालं काय? त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारने शिक्षणाचं स्वतंत्र खातं उघडलं. तोवर शिक्षण हे गृहखात्यातलं एक टेबल होतं. सर हारकोर्ट बटलर या नव्या खात्याचे पहिले प्रमुख झाले. मागितली शाळा, मिळालं खातं! हे हसण्यावारी नेऊ नका, कारण खातं असणं महत्त्वाचं असतं. प्रश्न कुणाला विचारायचा, त्याचा पत्ता मिळतो. पण खातं म्हणजे शाळा नव्हे, हेही तितकंच खरं. ही गोष्ट डोक्यात ठेवा, आपण परत तिच्याकडे येणार आहोत.

गोखले थांबले नाहीत. १६ मार्च १९११ ला त्यांनी स्वतः विधेयक मांडलं. आणि ते किती सावध होतं बघा. सगळ्या देशावर सक्ती नाही. ज्या नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला करायचं असेल तिने करावं, तेही तिथली ठरावीक टक्के मुलं आधीपासून शाळेत जात असतील तरच, आणि वरून सरकारची मंजुरी घेऊन. सुरुवातीला फक्त ६ ते १० वर्षांची मुलं. महिन्याला १० रुपयांपेक्षा जास्त कमाई नसलेल्या आईबापांना फी माफ. खर्चाचा एक तृतीयांश भाग स्थानिक संस्थेने उचलावा, दोन तृतीयांश सरकारने. यापेक्षा नरम विधेयक कसं लिहायचं, मला तरी सुचत नाही.

तरी आक्षेप आलेच. लोकांची मागणीच नाही. पैसा कुठून आणायचा? कर वाढले तर लोक चिडतील. सक्ती आपल्याकडे चालणार नाही. दोन दिवसांच्या चर्चेनंतर १९ मार्च १९१२ ला मतदान झालं. ते विधेयक मंजूर करण्यासाठीसुद्धा नव्हतं, नुसतं निवड समितीकडे पाठवण्यासाठी होतं. बाजूने १३, विरोधात ३८. संपलं.

आपण हरणार, हे गोखल्यांना माहीत होतं आणि त्यांनी भाषणात ते बोलूनही दाखवलं. हताश न होता, आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशातून देशसेवा करणं आलंय, अशा अर्थाचं ते बोलले. तीन वर्षांनी, फेब्रुवारी १९१५ मध्ये ते गेले. वय ४८.

पण हरलेलं विधेयक मरत नाही. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात नगरपालिकांपुरता सक्तीच्या शिक्षणाचा कायदा मंजूर करून घेतला. त्यानंतर एकेका प्रांतात तसे कायदे होत गेले.

शंभरातले अठरा

आता १९२७. मुंबईचं कायदेमंडळ. डॉ. बाबासाहेब आंबेडकर नुकतेच सभासद म्हणून आले होते. मार्चमध्ये शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा निघाली आणि ते आकडे घेऊन उभे राहिले.

माझ्यासारख्या माणसाला ते भाषण वाचताना फार ओळखीचं वाटतं, कारण त्यात सरळ सरळ डेटा अ‍ॅनालिसिस आहे. ते म्हणाले, आहे हाच वेग ठेवला तर शाळेच्या वयाची सगळी मुलं शिक्षणाखाली यायला ४० वर्षं लागतील. आणि मुली? ३०० वर्षं. सरकार शिक्षणावर माणशी फक्त चौदा आणे खर्च करतं आणि दारूवरच्या करातून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करतं, हा हिशोबही त्यांनी मांडला.

पण मी जिथे थांबलो तो आकडा वेगळा आहे. त्यांनी सांगितलं की प्राथमिक शाळेत शंभर मुलं दाखल झाली तर चौथीपर्यंत फक्त अठरा पोचतात. उरलेली ब्याऐंशी परत निरक्षर होतात.

थांबा, हे नीट बघू. सरकार सांगत होतं किती मुलं दाखल झाली. बाबासाहेब विचारत होते किती टिकली. पटावर शंभर, हातात अठरा. ‘किती आले’ आणि ‘त्यांचं पुढे काय झालं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर द्यायला कुठल्याही सरकारला आवडतं, कारण तो आकडा नेहमी मोठा असतो. दुसऱ्याचं उत्तर मात्र कुणीतरी मागे लागून मिळवावं लागतं.

माझ्या आतेभावाने फोनवर नेमका हाच दुसरा प्रश्न विचारला होता.

दहा वर्षांचा वायदा

स्वातंत्र्य मिळालं, राज्यघटना झाली. कलम ४५ मध्ये लिहिलं गेलं की घटना लागू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत १४ वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा राज्य प्रयत्न करील. म्हणजे मुदत २६ जानेवारी १९६०. ती तारीख आली आणि गेली. ते मार्गदर्शक तत्त्व होतं, कोर्टात जाऊन मागता येणारा हक्क नव्हता.

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेलं, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचंही झालं. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी शिक्षण मूलभूत हक्क झाला. २००९ मध्ये कायदा आला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आता वजाबाकी करा. गोखल्यांचं विधेयक पडलं मार्च १९१२ मध्ये. मध्ये ९८ वर्षं गेली.

आज प्रश्न कसा विचारतात

आता थोडं यंत्रणेबद्दल. कंटाळवाणं नाही, ऐका.

लोकसभेत अधिवेशनात रोज सकाळी ११ ते १२ प्रश्नोत्तराचा तास असतो. राज्यसभेत दुपारी १२ ते १. खासदाराने साधारण पंधरा दिवस आधी नोटीस द्यायची. एवढ्या नोटिसा येतात की चिठ्ठ्या काढाव्या लागतात. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित प्रश्न लागतात. तारांकित म्हणजे मंत्र्याने उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं. मग विचारणाऱ्याला दोन उपप्रश्न मिळतात, नंतर अध्यक्ष इतरांनाही संधी देतात. बाकी २३० अतारांकित, त्यांची उत्तरं फक्त लेखी. तासाभरात वीसच्या वीस तारांकित प्रश्न क्वचितच होतात. जे राहिले त्यांचीही लेखी उत्तरंच मिळतात.

म्हणजे खरी मजा उपप्रश्नात आहे. मूळ प्रश्नाचं उत्तर अधिकारी लिहून देतात. उपप्रश्नाला मंत्र्याला विषय माहीत असावा लागतो. १९०९ मध्ये मिळालेला तो छोटासा हक्क आजही सगळ्यात धारदार आहे.

म्हणूनच मला एक गोष्ट खटकते. २९ जुलै २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळाने नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केलं. ३४ वर्षांनी आलेलं नवं धोरण. मनुष्यबळ विकास मंत्रालयाचं नाव पुन्हा शिक्षण मंत्रालय झालं. त्यानंतरचं पहिलं अधिवेशन सप्टेंबर २०२० मध्ये भरलं आणि कोविडमुळे त्यात प्रश्नोत्तराचा तास नव्हता. अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरं मिळाली, पण उभं राहून उपप्रश्न विचारायची सोय नव्हती. साथ होती, अडचण खरी होती, मान्य. पण एवढं मोठं धोरण आलं आणि लगेचच्या अधिवेशनात त्यावर उपप्रश्न झाला नाही, हेही इतिहासात नोंदवायला हवं.

खातं मिळालं, पत्ता मिळाला, उत्तर?

आता कौशल्याकडे येऊ. आयटीआयमधल्या कारागीर प्रशिक्षणाची योजना १९५० पासूनची, शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. पण कित्येक दशकं हा विषय कामगार मंत्रालयाकडे होता. म्हणजे शाळेबद्दल एका मंत्र्याला विचारायचं आणि आयटीआयबद्दल दुसऱ्याला. २०१४ मध्ये कौशल्य विकासाचं स्वतंत्र मंत्रालय झालं. १९१० सारखंच, पत्ता मिळाला! १५ जुलै २०१५ ला प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना सुरू झाली आणि खासदारांनी साहजिकच विचारायला सुरुवात केली: किती जणांना प्रशिक्षण दिलं, किती जणांना नोकरी लागली?

सुरुवातीच्या वर्षांच्या उत्तरांत दोन्ही आकडे सापडतात, राज्यवार तक्त्यांसकट. पण अलीकडची उत्तरं वाचताना मला एक परिच्छेद पुन्हा पुन्हा दिसायला लागला. त्याचा आशय असा: योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत, म्हणजे २०१५-१६ ते २०२१-२२ या काळात, अल्पकालीन प्रशिक्षण घेतलेल्यांना नोकरी लागली का याची नोंद ठेवली जात होती. चौथ्या टप्प्यात भर आहे तो उमेदवारांना आपापला वेगवेगळा मार्ग निवडण्यासाठी सक्षम करण्यावर.

मी ते वाक्य तीनदा वाचलं. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉगिंग बंद केलं. एखादं मोजमाप कमी येत असेल तर दोन उपाय असतात. एक, काम सुधारा. दोन, मोजमाप काढून टाका.

पण सरकारच्या बाजूनेही विचार करून बघू, कारण मुद्दा अगदीच पोकळ नाही. माझ्याच भावाचं घ्या. त्याला नोकरी लागली नाही, पण तो वायरिंगची कामं करतो आणि शिकलेलं वापरतो. जुन्या तक्त्यात तो कुठे बसला असता? कदाचित ‘नोकरी नाही’ या रकान्यात. म्हणजे फक्त नोकरी मोजणं अपुरं आहे, हे खरं. पण मग उपाय जास्त मोजणं हा आहे. सहा महिन्यांनी फोन करा, विचारा: काम करतोस का, कसलं, किती मिळतात? रकाने वाढवा. फळाच काढून टाकला तर नोकरी लागलेलाही दिसणार नाही, स्वतःचा धंदा करणाराही नाही आणि घरी बसलेला तर मुळीच नाही.

उत्तर वाचायची युक्ती

एवढी उत्तरं वाचून मला काही खुणा कळल्या. तुम्हीही वापरून बघा.

प्रश्न नेहमी भागांत असतो: (अ), (ब), (क), (ड). आधी बघा, उत्तर भागांत आहे की ‘(अ) ते (ड)’ असं एकत्र बांधलंय. एकत्र बांधलं असेल तर बोट ठेवून एकेक भाग तपासा. बऱ्याचदा (अ) आणि (ब)चं उत्तर तीन पानं असतं आणि (क)चं कुठेच नसतं. गठ्ठ्यात एक काडी कमी आहे हे पटकन कळत नाही ना, तसं.

दुसरी खूण: शाळांबद्दल, शिक्षकांच्या रिकाम्या जागांबद्दल विचारलं की उत्तर बहुतेक वेळा ‘शिक्षण समवर्ती सूचीत आहे’ इथून सुरू होतं. हे खरंच आहे. पण मग त्याच तारखेला आपल्या विधानसभेत काय विचारलं गेलं, तेही बघा.

तिसरी खूण सगळ्यात कामाची. ‘माहिती गोळा केली जात आहे आणि सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल’ असं उत्तर आलं की आपल्याला वाटतं, टोलवलं. पण संसदेच्या हिशोबात ते आश्वासन धरलं जातं. लोकसभेत १९५३ पासून शासकीय आश्वासन समिती आहे. तीन महिन्यांत आश्वासन पुरं करावं अशी अपेक्षा असते आणि समिती त्याचा पाठपुरावा करते. १९१० मध्ये गोखल्यांनी सरकारच्या आश्वासनावर ठराव मागे घेतला, तेव्हा अशी समिती नव्हती. आज आहे. म्हणजे तिकीट इतक्या सहज बंद होत नाही.

आणि एक तक्रार. ही उत्तरं इंग्रजी आणि हिंदीत मिळतात. ज्या पोराने तालुक्यात मराठीतून कोर्स केला, त्याच्याबद्दलचं उत्तर त्याला त्याच्या भाषेत मिळत नाही. म्हणून तर आजचा भाग केला.

शेवटी

परवा मी भावाला फोन लावला. म्हटलं, विचारतात रे. खासदार विचारतात, वेगवेगळ्या पक्षांचे विचारतात, वर्षानुवर्षं विचारतायत. पण तुमच्या नंतरच्या पोरांचा हिशोब आता त्या उत्तरात येत नाही.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मग आपणच काढू की.” त्यांच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप अजून आहे, फक्त गुड मॉर्निंगचे मेसेज येतात त्यावर. त्याने तिथे टाकलं: कोण काय करतंय, सांगा. मी हे रेकॉर्ड करेपर्यंत तिसातल्या एकवीस जणांची उत्तरं आली होती. चौघं पगारी नोकरीत. सहा जण स्वतःची कामं घेतात. बाकीचे शेती, डिलिव्हरी, दुकान. एक मुलगी पुढे आयटीआयला गेली. हे काही संशोधन नाही, एका बॅचची हजेरी आहे. तो ती यादी करून आमच्या खासदारांच्या ऑफिसात देणार आहे. सोबत प्रश्नही लिहून: (अ), (ब), (क) असे भाग पाडून. भाग पाडायला मी शिकवलं, आणि (क)खाली दोनदा रेघ मारायलाही.

तुमच्या ओळखीत कुणी असा कोर्स केला असेल तर त्यांना हा भाग पाठवा, आणि त्यांच्या बॅचचं काय झालं ते मला कळवा. पुढच्या भागात भेटूच. तोवर, काळजी घ्या.